दोरीवर कोण बसलं होतं?

पाथर्डी फाट्याजवळची साइट, नाशिक
१७ जानेवारी १९९९

नवसास,

कुसाआक्काचा आशीर्वाद. खुशाली मागाहून विचारीन, आधी कामाचं. बुधवारी सकाळी बुधा पहाडावरून पडला. जिवाला धोका नाय असं डॉक्टर म्हणाले. उजव्या मांडीचं हाड मोडलंय. सरकारी दवाखान्यात हाय. खाट खिडकीजवळची हाय, ती मी भांडून मिळवली.

तू ये. झुंबरला तुझ्या आईकडं ठेव, शेळ्या कुणाच्याही गळ्यात घाल, पण ये. मी दिवसा घमेली उचलते अन् संध्याकाळी त्याच्याजवळ बसते. त्याला खालीवर करायला बायकोच पायजे. बहिणीला लाजतो तो. नर्सबाईला त्याहून लाजतो.

पेठहून सकाळची एस.टी. धर. उतरलीस की कुणालाही सरकारी दवाखाना विचार. हे काय अन् ते काय करत बसू नको.

कागद उरलाय, पण सांगायचं संपलं.

कुसा

*

जांभूळपाडा, ता. पेठ
२२ जानेवारी १९९९

आक्कास,

नवसाचा नमस्कार. तुमचं पत्र बुधवारी आलं. मी तीनदा वाचलं, मग शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, तरी काय समजलं नाय.

पहाडावरून म्हणजे कुठल्या पहाडावरून? ते बिल्डिंगच्या कामाला गेले होते ना? मग बुधवारी, कामाच्या दिवशी, पहाडावर कशाला गेले? मास्तर म्हणाले तुमच्या फाट्यावरून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. तिथं गेले असतील तर कशाला? एकटे गेले का कुणाबरोबर?

अन् आक्का, पडले कसे? सात वर्षांचे असल्यापासून शेळ्यांमागं कडे चढणारा माणूस. पाड्यावरच्या बाया मला विचारतात, नवसा, नाशकाचा डोंगर काय तेल लावलेला हाय का? मी काय सांगू?

असा माणूस दोनच गोष्टींनी पडतो. कुणी ढकललं तर, नायतर पिऊन असला तर. झुंबर झाली तेव्हा तिच्या टाळूवर हात ठेवून त्यांनी दारू सोडली. तुम्ही समोर होता. ती शपथ मोडली असली तर मी दवाखान्यात येऊन कुणाचे पाय चेपू?

खरं काय ते लिहा. मी गाठोडं बांधून ठेवलंय, पण उचललं नाय.

नवसा

*

नाशिक
२७ जानेवारी १९९९

नवसे, येडे,

मास्तराला सांग, पगार परत कर सरकारला. इथं पहाड म्हणजे डोंगर नाय. बिल्डिंगच्या भिंतीला बाहेरून बांबू उभे करतात, आडवे करतात, काथ्यानं बांधतात, अन् त्यावर फळ्या टाकतात. त्या फळीवर उभं राहून माणूस बाहेरून गिलावा करतो. त्याला इथं पहाड म्हणतात. का म्हणतात मला ठाऊक नाय. मी पण आले तेव्हा मुकादम म्हणाला होता, पहाडाखाली उभी राहू नको, तर मी लांब पांडवलेण्याकडं बघत बसले. म्हटलं, तो इथवर कसा पडेल?

ह्या पहाडावरून बुधा पडला. दुसऱ्या मजल्यावरून, वाळूच्या ढिगावर. वाळू होती म्हणून निभावलं. फळी सरकली. झालं?

इथं नियमांचा नुसता पाऊस पडतोय. महिन्यामागं स्नेहल मॅडम म्हणून नव्या इंजिनेर बाई आल्या, तुझ्याहून लहान. बारा पिवळ्या टोप्या आणल्या, टणक. म्हणाल्या, टोपीशिवाय साइटवर पाय ठेवायचा नाय. मी विचारलं, मॅडम, टोपी घातली तर चुंबळ कुठं ठेवू? चुंबळ ठेवली तर टोपी कुठं घालू? घमेलं काय टोपीवर बसवू? मॅडम म्हणाल्या, विचार करून सांगते. अजून करतायत. तोवर बाया टोपीत भाजी धुतात. गड्यांना कमरेचा पट्टा दाखवला. उंचावर चढताना तो बांधायचा, त्याची दोरी वर पक्क्या जागी अडकवायची, माणूस सुटला तरी लोंबकळत राहतो म्हणे. सगळ्या साइटला पट्टा एक. तो सुपरवायझरच्या खोलीत खिळ्याला.

बुधाच्या पायाला दवाखान्यात दोरी बांधलीय अन् खाटेच्या टोकाला वजन लोंबकळतं सोडलंय. हाड सरळ जुळायला. दीड महिना असाच राहणार. शिमग्याला घरी न्यायचं म्हणतोय. रोज विचारतो, नवसा निघाली का? मी काय सांगू, नवसा डोंगर शोधतेय?

ये आता.

कुसा

*

जांभूळपाडा
४ फेब्रुवारी १९९९

आक्कास,

तुमचं पत्र वाचून मी हसले. पहिल्यांदा हसले इतक्या दिवसांत. गाठोडं उचललं, झुंबरला आईकडं सोडायला निघाले.

वाटेत वाल्मीक भेटला. तुमच्याच साइटवर होता ना, काम सोडून आलाय. मी म्हटलं, फळी सरकून पडले आमचे. तो म्हणाला, वहिनी, कुठली फळी? बुधा पिऊन चढला होता. सुपरवायझरनं कागद केलाय तसा. सगळ्यांना वाचून दाखवला, सगळ्यांनी अंगठे दिले. कुसाआक्कानं तर सही केली.

मी त्याला म्हटलं, खोटं बोलतोस. तो म्हणाला, झुंबरची शपथ घेऊ का? मी त्याला झुंबरची शपथ घेऊ दिली नाय. त्या पोरीच्या शपथांचं काय होतं ते मला कळलंय.

आक्का, तुमची सही असल्यावर मी आणखी कुणाला विचारू? फळी सरकली म्हणून मला लिहिता, अन् तिथं पिऊन पडला म्हणून सही करता? ह्यातली कुठली कुसाआक्का खरी?

मी येत नाय. झुंबरला घेऊन माहेरी चालले, राहायला. शिमग्याला पंच बसतील तेव्हा काय ते मोकळं करून घेऊ. तुमच्या भावाला सांगा. माझ्या तोंडून ऐकायला पायजे तर त्यांना बरं होऊन चालत यावं लागेल.

नवसा

*

नाशिक
९ फेब्रुवारी १९९९

नवसास,

तुझं लग्न मी जमवलंय, ते मोडायला पंच लागत नाय, मी जिवंत हाय तोवर मलाच विचारायचं.

बुधा प्यायला नव्हता. मी सांगते. सकाळी माझ्या हातचा चहा अन् शिळी भाकर खाऊन चढला. तोंडाला वास चहाचा होता. वाल्मीक एक नंबरचा चावट, त्याचं काय ऐकतेस? आपण बाया अंगठे-सह्या करतो तेव्हा कुठं काय वाचतो? कागद इंग्रजीत होता. सुपरवायझर म्हणाला, कर. केली. माझ्यामागं रांग होती.

बुधा म्हणतो पाय घसरला. बास. पाय काय कुणाचाही घसरतो. मी त्याला अजून सांगितलं नाय तू माहेरी गेलीस ते. म्हटलं, शेळी व्यायली, म्हणून अडकलीय. तो म्हणाला, कुठली, बांडी का? मी म्हटलं, हो, बांडी. आता बांडीला किती करडं झाली ते पण विचारेल, मला लिहून कळव म्हणजे खोटं तरी नीट बोलता येईल.

मला डोकं चालवायला लावू नको नवसे. आधीच चालत नाय.

कुसा

*

कोळवाडी, ता. पेठ
१५ फेब्रुवारी १९९९

आक्कास,

बांडीला दोन. दोन्ही पाटी, बोकड एक पण नाय.

तुमची पत्रं मी ओळीनं मांडून वाचली. एकात फळी सरकली, एकात पाय घसरला. वाल्मीक म्हणतो कागद वाचून दाखवला, तुम्ही म्हणता कागद इंग्रजीत. मराठी माणसांना इंग्रजी कागद वाचून दाखवून सुपरवायझर काय करणार होता?

इथं माझ्या बापाला मी सगळं सांगितलं. बाप कड्यावरची आग्या मोहोळं काढतो, तुम्हाला ठाऊक हाय. म्हाताऱ्यानं पट्ट्याचं परत वाचायला लावलं. मग म्हणाला, पट्टा होता म्हणतेस, दोरी होती म्हणतेस, तर मग दारूचं कशाला विचारतेस? दोरीवरचा माणूस पिऊन असला तरी लोंबकळतो, जमिनीवर येत नाय. म्हणाला, तिला एवढंच विचार की दोरीवर कोण बसलं होतं.

आमच्या घरात मोहोळ काढायला एक जण कड्यावरून खाली उतरतो अन् एक जण वर दोरीवर बसतो. दोरीवर सख्खा भाऊ बसवत नाय, मित्र बसवत नाय. बायकोचा भाऊ बसवतात. बहिणीचं कुंकू त्याच्या हातात असतं म्हणून त्याचं लक्ष उडत नाय. माझ्या बापाच्या दोरीवर माझा मामा बसायचा. तीस वर्षं. मामाला शिंक आली तरी तो आधी दोरी झाडाला बांधायचा अन् मग शिंकायचा.

ह्यांच्या दोरीवर त्या दिवशी कोण बसलं होतं आक्का? एवढंच लिहा. बाकी काय लिहू नका.

नवसा

*

नाशिक
२१ फेब्रुवारी १९९९

नवसास,

दोरीवर मोहिनीचं पोर झोपलं होतं.

तू म्हणालीस बाकी काय लिहू नका. पण एवढ्यावर तुला काय कळणार? आता सगळं लिहिते. मधेच थांबले तर परत लिहिणार नाय, म्हणून बसल्या जागेवर संपवते.

मोहिनी म्हणून एक बाई हाय आमच्यात, पोरीसारखीच. चार महिन्यांचं पोर घेऊन कामाला येते. पोराला वाळूच्या ढिगावर, सावलीला, गोधडीवर निजवायची. सोमवारी वरून अर्धी वीट आली. पोरापासून दोन हातांवर पडली. पोर उठलं पण नाय. मोहिनी बघतच राहिली, मी शिव्या द्यायला लागले. तिला, वरच्याला, सगळ्यांनाच. म्हटलं, आजपासून हे पोर छताखाली. खालच्या पार्किंगमधे दोन खांबांना झोळी बांधू. लुगडं होतं. दोरी नव्हती. काथ्या होता, पण काथ्यावर माझा भरवसा नाय. कुजका असतो, मधेच तुटतो. पोराखाली काथ्या नको, असं मी तोंडानं म्हणाले नवसे. अन् वर गडी त्याच काथ्यावर उभे होते. तेव्हा मला ते दिसलं नाय. आता दिसतं तर डोळे मिटून पण दिसतं.

सुपरवायझरच्या खोलीत खिळ्याला पट्टा होता. त्याची दोरी चांगली, जाड, नवी. मॅडमनी दाखवल्यापासून कुणी बांधली नव्हती. मी सोडून आणली. पट्टा तिथंच ठेवला. झोळी झकास झाली.

बुधवारी बुधाला दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यावर थोडा गिलावा राहिला होता तो करायचा होता. मॅडमनी सगळ्यांना सांगितलेलं ऐकणारा तो एकटा. पट्टा आणायला गेला. कमरेला बांधून बाहेर आला अन् मला विचारलं, आक्का, ह्याची दोरी कुठंय?

माझ्या डोक्यावर घमेलं होतं. पोर नुकतं झोपलं होतं. मी म्हटलं, जा रे, पाच मिनिटाचं काम. डोंगरातला माणूस तू, तुला कशाला पायजे दोरी?

तो हसला अन् चढला.

फळीबिळी सरकली नाय. पाय घसरला का, चक्कर आली का, मी बघितलं नाय. मी आवाज ऐकला. पट्टा कमरेला तसाच होता, पडला तेव्हा पण. दवाखान्यात नर्सबाईनं सोडला.

संध्याकाळी सुपरवायझरनं कागद काढला. मराठीत. पिऊन चढला होता, साइटचा दोष नाय. मी चौथीपर्यंत शिकलेय, मला वाचता येतं. वाचलं. मला वाटलं, ह्यात दोरीचं काय नाय. दोरीचं कुणी विचारणार नाय. म्हणून सही केली. अंगठा नाय दिला, सही केली. कुसाबाई असं पूर्ण.

बुधाला सगळं ठाऊक हाय. तरी तो सगळ्यांना सांगतो, पाय घसरला. माझ्याकडं बघून सांगतो.

अन् एक सांगते, ते तुला समजलं तर मला समजावून सांग. तो पडला ते त्याच वाळूवर, जिथं मोहिनी पोराला निजवायची. बरोब्बर तिथंच. मी पोर उचललं नसतं तर तो त्याच्यावर पडला असता. दोरी नेली नसती तर पडलाच नसता. दोरी नेली म्हणून पोर वाचलं, का दोरी नेली म्हणून भाऊ पडला? मी दिवसभर घमेलं घेऊन खालीवर करते अन् हेच खालीवर करते. एकदा ह्या बाजूनं बघते, एकदा त्या बाजूनं. काय धड हाती लागत नाय.

पण एवढं हाती लागलं की त्यानं शपथ मोडली नाय. मोडलं असेल तर मी. उद्या सोमवारी मॅडम येतील. त्यांच्यापुढं उभी राहून कागद खोटा हाय असं सांगणार. कामावरून काढलं तर काढलं.

माझ्यासाठी येऊ नको. मला तोंड पण दाखवू नको. पण त्याच्यासाठी ये.

कुसा

*

कोळवाडी
२५ फेब्रुवारी १९९९

आक्कास,

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. सरकारी दवाखाना मी विचारून घेईन.

तुमचं पत्र बापाला वाचून दाखवलं. मला वाटलं, म्हातारा शिव्या देईल. त्यानं विचारलं, पोराचं नाव काय? मला ठाऊक नव्हतं.

मग त्यानं आढ्यावरून दोरी काढली. स्वतः वळलेली, वीस हात, घायपाताची. मामा गेल्यापासून कुणी तिच्यावर बसलं नाय. ती मी घेऊन येतेय. झोळीला ही बांधा. ती दुसरी सोडा अन् जिथून काढली तिथं परत लावा. माझ्यासमोर लावायची, गाठ मी बघणार.

तुमच्यावर माझा राग गेला असं समजू नका. शिमग्याला घरी न्यायचंय, गाडीत त्यांना आडवं झोपवायला जागा पायजे, त्याचं बघून ठेवा. भांडून मिळवा. ते तुम्हाला येतं.

झुंबरचा बाप शेळीचं विचारेल तर सांगा, दोन पाटी. ते खरं हाय.

नवसा

*

नाशिक
९ मे १९९९

नवसास,

आशीर्वाद. वाल्मीक परत कामावर आलाय, त्यानं सांगितलं बुधा काठी घेऊन विहिरीपर्यंत जातो म्हणून. वाल्मीकचं मी ऐकत नाय, पण हे ऐकलं.

मॅडमनी दुसरा कागद लिहिला, त्यावर पण माझी सही हाय. मॅडमनी विचारलं, ह्यावर तरी वाचून केलीस ना? मी म्हटलं, दोन्ही वाचूनच केल्या. कामावरून काढलं नाय. सुपरवायझर बोलत नाय, घमेली मात्र चौथ्या मजल्याची देतो. चढते.

पट्टे सहा आले. दोऱ्या पाच. सहावी कुठंय ते मी शोधतेय. कुणाच्या खोपटावर लुगडी वाळत घालायला बांधलेली दिसली तर त्या बाईचं काय खरं नाय. चुंबळ अन् टोपीचं अजून ठरलं नाय. मॅडमनी चुंबळ मागून घेतली अन् टोपीवर ठेवून बघितली. पडली. आता त्या पण माझ्यासारख्याच गोंधळल्यात, पण निदान करून बघतात.

सकाळी कुणी वर चढायला निघालं की मी खालून ओरडते, दोरीवर कोण? तो गडी नाव सांगतो, ज्याचं नाव घेतलं तो हात वर करतो, मग चढायचं. आधी हसायचे. परवा वाल्मीक चढत होता, मी पाणी प्यायला गेले होते, तर तोच थांबला. म्हणाला, आक्का कुठंय, कुणी विचारलं नाय अजून. मॅडमनी मला विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? म्हटलं, पुस्तकातलं नाय, आमच्या नवसाच्या बापाचं.

त्याला सांग, पोराचं नाव मंगळू. तुझ्या बापाच्या दोरीत झोपतो. पाय झाडतो, पण गाठ हलत नाय. तू मारलेली हाय.

ते वाळूचं मला अजून समजलं नाय. ढीग संपला, नवा आला, तरी मी त्याला वळसा घालून जाते. तुला समजलं असेल अन् सांगायचं नसेल, तर नको सांगू.

बुधाला म्हणावं, पहाडावर चढू नको. कुठल्या, ते तू समज.

कुसा